आमच्या वावरातला फुंक्या

मी लेखक नाही, हे आधीच सांगून टाकतो. भूगोल घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आजवर उत्तरपत्रिकेबाहेर सलग दोन पानंही लिहिलेली नाहीत. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही. त्यामुळे जगातल्या नवलाच्या जागांबद्दल मी लिहावं, हा आगाऊपणाच आहे. त्यातली एकही जागा मी पाहिलेली नाही. एकच पाहिली, ती आमच्याच वावरात होती, आणि तिच्याबद्दल बोलायची वेळ आली की माझी मान खाली जाते. चुकलं तर माफ करा.

मुकुटबनच्या बाजूला आमचं गाव. तिकडची जमीन चुनखडीची आहे. आमचं वावर टेकडीला लागून, आणि जिथे वावर संपून टेकडी सुरू होते, तिथे खडकात एक भोक होतं. पाण्याच्या गुंडाच्या, म्हणजे कळशीच्या, तोंडाएवढं. त्याला आम्ही फुंक्या म्हणतो. तो वारा आत ओढायचा आणि बाहेर सोडायचा. आभाळ पालटायचं असलं की त्यातून गार वारा वर यायचा, कोरडे दिवस असले की तोच वारा आत जायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत बाबा सकाळी कापसाचा एक पुंजका घेऊन तिथे जात आणि फुंक्याच्या तोंडावर धरत. पुंजका आत ओढला गेला तर ‘घेऊन राह्यला’, वर उडाला तर ‘देऊन राह्यला’. बाबा परत येईपर्यंत वाटेवर दोघंतिघं थांबलेले असायचे.

“काय म्हणते फुंक्या?”

“देऊन राह्यला. अंगणातला कापूस आत घ्या.”

एवढंच बोलणं. पलीकडच्या पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचे लोकही विचारायला यायचे. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे, त्यात पावसाचा अंदाज येतो, पण तो अख्ख्या तालुक्याचा असतो. फुंक्या आमच्यापुरतं सांगायचा.

मी यवतमाळला शिकायला आलो तेव्हा हे कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गातली बरीच मुलं शहरातली, आईवडील बँकेत, कचेरीत, शाळेत नोकरीला. एकदा सरांनी पडद्यावर जगातल्या नवलाच्या जागा दाखवल्या. आयर्लंडच्या समुद्रकाठचे षटकोनी दगडी खांब, जणू कुणी पाथरवटाने घडवून रचले असावेत. अमेरिकेतल्या वाळलेल्या तळ्यावर आपोआप सरकणारे धोंडे, मागे लांब खुणा सोडत. अंटार्क्टिकाच्या बर्फातून वाहणारं लाल पाणी. शेवटी सर म्हणाले, “आपल्या भागात असं काही कुणी पाहिलंय का?”

का कोण जाणे, मी हात वर केला. त्या वर्गात मी स्वतःहून वर केलेला तो पहिला हात.

मी अडखळत सगळं सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, “अबे, तुमच्या गावात जमिनीलेच दमा हाय काय?” वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं: जमिनीखाली मोठी पोकळी, तिच्यात कोंडलेली हवा, बाहेर हवेचा दाब कमी झाला की आतली हवा वर येते, दाब वाढला की बाहेरची आत जाते. “याच्या वडिलांकडे निसर्गाने दिलेला वायुभारमापक आहे,” ते म्हणाले. आणि पुढच्या महिन्यात अख्खा वर्ग घेऊन आमच्या गावी यायचं ठरवलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, बसस्टॉपपर्यंत. तिथून पुढे डोळ्यासमोर फुंक्या जसा होता तसा यायला लागला. भोवती बोराटीच्या काट्या, बकऱ्यांच्या लेंड्या, कुणी फोडलेल्या नारळाची करवंटी, बाटल्यांच्या काचा. तिथे आमच्या वर्गातल्या मुली चांगल्या कपड्यांत उभ्या राहणार. संध्याकाळी मी घरी फोन केला.

“बाबा, सर येऊन राह्यले. अख्खा वर्ग येऊन राह्यला. तिथं जरा साफसफाई करून ठेवजा. चांगलं दिसलं पाह्यजे.”

“तू काही टेन्शन नको घेऊ,” बाबा म्हणाले. “असं करून ठेवतो का तुह्ये सर पाहतच राहतीन.”

आमच्याकडे पाहुणे यायचे म्हणजे घर सारवतात, चौकट रंगवतात, जे दिसेल ते नीटनेटकं करतात. बाबांनी फुंक्यासाठी तेच केलं. माझे काका गवंडी आहेत. घरकुलाच्या कामातलं उरलेलं सिमेंट घरात होतंच.

आमची बस गावात पोचली तेव्हा आईने सगळ्यांना चहा आणि मुरमुऱ्याचा चिवडा दिला. मग बाबा पुढे आणि आम्ही मागे असे वावरात गेलो. वळणावरून मला ते दिसलं आणि मी क्षणभर खूषच झालो. काटे नाहीत, काचा नाहीत. खडकावर गोल, गुळगुळीत ओटा, वर चुना, कडेने गेरूची रेघ. मधोमध हातभर उंचीचा प्लास्टिकचा पाइप उभा. “वाकावं लागू नये सरायले,” काकांनी समजावलं. आजूबाजूच्या बारीक भेगाही त्यांनी लिंपून टाकल्या होत्या, साप निघू नये म्हणून.

बाबांनी खिशातून कापूस काढला, पिंजून मोकळा केला आणि पाइपच्या तोंडावर धरला.

कापूस हलला नाही.

“थांबा, थोडा वेळ लागते,” बाबा म्हणाले. आम्ही थांबलो. बाबांनी हात बदलला. पुंजका आणखी लहान केला. मुलांचे मोबाईल वर धरलेले होते, ते एकेक करून खाली आले.

“काका, लाइट गेली काय फुंक्याची?” मागून आवाज आला. “रिचार्ज मारा लागन!” दुसरा म्हणाला. मुली तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. माझ्या काकांना वाटलं पाइपात काही अडकलं असेल. ते वाकले आणि पाइपला तोंड लावून जोरात फुंकर मारली. मग तर हसण्याचा नुसता गोंधळ झाला. काकाही हसले. बाबा हसले नाहीत, ते पाइपला कान लावून बसले होते.

सरांनी एक उदबत्ती मागवली आणि पाइपच्या तोंडाशी धरली. धूर सरळ वर गेला. मग त्यांनी ओट्यावर बोटाने टकटक केलं.

“हे केव्हा केलंत?”

“तुमच्यासाठीच केलं, सर. नवंच हाय,” बाबा म्हणाले. “पाइप हलू नये म्हणून आत पयले ईट-गोटे टाकले, वरून सिमिटचा पातळ माल सोडला. मजबूत हाय एकदम. ट्रॅक्टर गेला तरी हालत नाही.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच कळलं. बाबांना कळलं नव्हतं. ते सरांच्या तोंडाकडे बघत उभे होते, कुणीतरी बरं म्हणेल याची वाट पाहत.

“छान केलंय,” सर म्हणाले. “मेहनत घेतली तुम्ही.”

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले. माल किती खोल गेला ते सांगता येणार नाही, म्हणाले, फोडून बघावं. मी खोलीवर आल्यावर फोन हातात घेऊन बराच वेळ बसलो आणि शेवटी लावला.

“बाबा, तो ओटा फोडा लागन.”

“काहून? सरायले आवडला नाही काय?”

मी फळ्यावरचं सगळं फोनवर सांगायचा प्रयत्न केला. पोकळी, दाब, वाट. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे आपणच बुजवला म्हण ना.”

मी म्हणालो, “मीच म्हटलं होतं चांगलं दिसलं पाह्यजे म्हणून.”

“तू साफ करा म्हटलं होतं,” बाबा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

दुसऱ्या दिवसापासून ते आणि काका सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन लागले. ओटा फुटला, पाइप निघाला. खाली माल गोट्यांत मुरून खडकाशी एकजीव झाला होता. जितकं फोडत तितके तुकडे आणखी आत पडत. सब्बल पुरेना तेव्हा त्यांनी सोडून दिलं.

त्यानंतर अवकाळी पाऊस आला. आमच्या घराशेजारच्या काकूंचा कापूस अंगणात पसरलेला होता, तो भिजला. पूर्वी असं झालं नव्हतं असं नाही. पण या वेळी काकू आमच्या दारात येऊन आईला म्हणाल्या, “पोराच्या सायबाले दाखवासाठी बुजवला ना वं बाई तुम्ही. आता तुह्या पोरालेच उभं कर तिथं, फुंकू दे त्याले.” हे मला लहान बहिणीने सांगितलं, हसत हसत. मी तिच्याशी हसू शकलो नाही. पुढच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा वावरात गेलोच नाही, अभ्यास आहे म्हणालो.

वर्गात सरांनी नंतर अमेरिकेतल्या एका गरम पाण्याच्या कुंडाबद्दल सांगितलं. एकेकाळी ते गडद निळं होतं. बघायला येणाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्यात नाणी, दगड, काय काय टाकलं. आतली वाट अडली, पाणी थंडावलं आणि कडेने पिवळा, तांबूस रंग चढत गेला. सरांनी माझं नाव घेतलं नाही, पण अर्धा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता. मला त्या नाणी टाकणाऱ्या लोकांचा राग यायला हवा होता. मला सारखे बाबाच दिसत होते, खिशातून कापूस काढताना. त्या लोकांनीही कुणाचं वाईट चिंतलं नसेल. त्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर बसायला लागलो. सरांनी फुंक्यावर प्रकल्प लिहायला सांगितला होता, तोही दिला नाही. काय लिहिणार होतो? एवढ्या मोठ्या जगात नवलाची एक जागा आमच्या वाट्याला आली होती, आणि ती मला चारचौघांत दाखवण्यासारखी वाटली नाही.

काल दुपारी तास चालू असताना बाबांचा फोन आला. ते अशा वेळी कधीच करत नाहीत. मी घाबरून बाहेर गेलो.

“निंघाला,” बाबा म्हणाले.

“काय निंघाला?”

“वारा. आपल्या इथं नाही. टेकडीच्या पल्याड, पोडावरच्या एका म्हाताऱ्याच्या वावरात. त्याच्या तुरीच्या बाजूले खडकात चीर होती बारीक, तिच्यातून. पाला उडून राह्यला होता म्हणे आपोआप, तर तो भेला अन् पोराले घेऊन आला आपल्याकडं विचारासाठी, हे काय हाय म्हणून. मी जाऊन पाह्यलं. तोच हाय. तसाच गार.”

मी मग विचारलं, “आता गावातले लोक विचाराले कुठं जातीन?”

“जातीन तिकडं. इतके दिवस ते आपल्या वावरात येत, आता आपण त्यायच्या.”

“म्हातारा काय म्हणाला?”

“बसाले देल्लं. चहा पाजला. मंग म्हणे, भाऊ, केव्हाबी या, वारा काही माह्या बापाचा नाही. फक्त येतानी सिमिट घरी ठेवून या.”

“अन् तुम्ही?”

“मी काय म्हणू? हो म्हटलं.”