वजा करून उरलेलं पाणी

"सही करा, काचताई. पाणी दिसलंय!"

"दिसलंय, साहेब. कुणाचं, ते विचारतेय."

"चंद्राचं! मग काय नळाचं?"

"थोडं नळाचंही आहे."

प्रमुख साहेबांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. समोरच्या पडद्यावर आलेख होता. काल चंद्रावरच्या काळोख्या खड्ड्यात एक रिकामं रॉकेट आदळवलं होतं. धुळीचा लोट उन्हात वर आला आणि मागून जाणाऱ्या यानातल्या वर्णपटमापकाने त्याचा प्रकाश वेगवेगळ्या रंगांत फोडून टिपला. प्रत्येक पदार्थ प्रकाशातला आपला ठरलेला घास खातो. पाण्याने घास घेतला तिथे रेघ खाली बसली होती. झकास बसली होती.

त्या यंत्राची भिंगं काचताईंनी घासलेली. सोळाव्या वर्षी मामांच्या चष्म्याच्या दुकानात लागलेली सवय. "गिऱ्हाइकाचा डोळा खराब म्हणण्याआधी आपलं भिंग पूस," मामा दटावायचे. इथली इंजिनियर पोरं त्यांना हसायची आणि मग गुपचूप आपले चष्मे त्यांच्याकडूनच पुसून न्यायची.

त्यांनी दुसरा आलेख पुढे सरकवला. "हा धडकेआधीचा. उन्हात भाजणारं कोरडं मैदान. तरी रेघ इथेच बसलीय, बघा."

"किंचित!"

"निम्मी. यानाच्या वेष्टणात इथलाच, पृथ्वीवरचा ओलावा मुरलेला. तो सुटला आणि गार भिंगावर दहिवर होऊन बसला. उड्डाणाआधी मी म्हटलं होतं, यान अजून दोन दिवस भट्टीत तापवा, ओलावा निघून जाऊ दे. तुम्हालाच घाई. आता तिथे जाऊन फडकं मारता येत नाही, म्हणून वजा करायचं."

"चारला पत्रकार येतायत, बाई! निम्म्या पाण्याला टाळ्या कोण वाजवणार?"

"खरं तेवढं सांगा. निम्मं म्हणजे काही थोडं नाही."

साहेबांचा आवाज उतरला. "तुम्ही पुढच्या महिन्यात निवृत्त होताय. मुदतवाढीचा कागद माझ्याकडे आहे. दुसऱ्या यानाचं भिंग तुमच्या टेबलावर अर्धवट पडलंय. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागलेला चालेल तुम्हाला?"

हे वर्मी लागलं. ते भिंग त्या वर्षभर घासत होत्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग निकालाच्या कागदावरचा पाण्याचा आकडा खोडला, शेजारी निम्मा लिहिला आणि त्याखाली ठसठशीत सही केली.

"काचताई, परिणाम कळतोय ना?"

त्यांनी टेबलावरचा साहेबांचा चष्मा उचलला, खिशातल्या मऊ फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसला, आलेखावर ठेवला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.