गुरुवारचं सूप

स्वीडनला लेकीकडे आले तेव्हा उन्हाळा होता. आता दुपारी तीनलाच अंधारून येतं. शेजारच्या ब्रिट्टाबाई एकट्याच राहतात. दर गुरुवारी त्यांच्याकडच्या पिवळ्या वाटाण्याच्या सुपाचा वास जिनाभर पसरतो. वाटाणे आदल्या दिवशी भिजवायचे आणि खारवलेल्या मांसाबरोबर मंद आचेवर शिजवायचे, अशी त्यांची रीत.

काल त्यांनी मला बोलावलं. माझ्यासाठी बिनमांसाचं वेगळं काढून ठेवलं होतं, वर वाटलेल्या मोहरीचा ठिपका. मी विचारलं, "गुरुवारीच का?"

"पूर्वी इथे शुक्रवारचा उपास असायचा. म्हणून आदल्या दिवशी पोटभर खाऊन घ्यायचे. पुढे धर्माची रीत बदलली, उपास गेला. त्यालाही शेकडो वर्षं झाली."

"मग अजून का करता?"

त्यांनी मला आणखी एक डाव वाढला. "आज गुरुवार आहे ना."

घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. उपास संपला, हे त्या पातेल्याला कुणी कळवलंच नाही. तो गेला आणि त्याचा आदला दिवस तेवढा मागे राहिला, वाटाणे भिजवत.

आमच्या ह्यांचा शनिवार असायचा. मी कधी उपास धरला नाही, पण साबुदाणा मीच भिजवायचे. हे जाऊन वर्ष झालं.

आज संध्याकाळी मी साबुदाणा धुतला, बेताचं पाणी ठेवून वर झाकण घातलं. लेक ओट्यापाशी येऊन थांबली.

"आई, उद्या उपास कुणाचा आहे?"

"उद्या शनिवार आहे ना," मी म्हटलं.