स्पीकरवरच्या चिरा

कॉलेजात असताना पंक रॉकच्या बंडखोर गाण्यांनी मला झपाटलं होतं आणि हे पंकवाले कुणाचं ऐकून असे झाले, हे शोधायचं खूळ त्याहून मोठं होतं. मित्राचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, परदेशातून गाणी आणायचा. त्याच्या कॅसेटींवरून थोडं कळलं: पन्नासच्या दशकातलं तीन कॉर्डवर धावणारं रॉक अँड रोल, जमैकाचं रेगे आणि साठच्या दशकात मोटारीच्या गॅरेजात ठणाणा करणारी अमेरिकन पोरं. त्या पोरांचा फाटका, अंगावर येणारा आवाज मला हवा होता. त्यासाठी काही जण म्हणे स्पीकरचा कागदच ब्लेडने फाडायचे.

मीही फाडला. दिघ्याच्या भंगारातून आणलेल्या स्पीकरवर चिरा मारल्या, गिटार जोडली, आणि अगदी तोच आवाज आला. भांडी घासल्यागत वाजतंय, असं आई म्हणाली. मला ती तारीफच वाटली.

सोसायटीच्या गणपतीत वाजवू द्या म्हणून मी आणि ड्रम वाजवणाऱ्या मित्राने सेक्रेटरींच्या किती मिनतवाऱ्या केल्या. शेवटी आरतीनंतर एक गाणं मिळालं. मी कॉलेजातून धावत आलो तोवर सामान स्टेजवर गेलेलं होतं.

पहिली कॉर्ड मारली आणि निघाला तो शाळेतल्या प्रार्थनेसारखा गोड आवाज. मी व्हॉल्यूम वाढवला, तारा बडवल्या. आवाज नुसता मोठा झाला, फाटेना. ड्रमवरचा मित्र माझ्याकडे बघतच राहिला. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या. असं वाजवणार असाल तर पुढच्या वर्षी दोन गाणी घ्या, असं सेक्रेटरी म्हणाले. मला रडू येत होतं.

स्टेजखाली बाबा उभे होते. साताऱ्याहून येऊन ते रबाळ्याच्या कारखान्यात फिटर झाले होते. मोडकी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे.

"फाटला व्हता की रं स्पीकर," ते म्हणाले. "हाफ डे टाकून नवा कागद बसवला. चार माणसांत तुझी फजिती नको व्हायला."

जगभरची पोरं बापाच्या नाकावर टिच्चून पंक वाजवत होती. मलाही ओरडायचं होतं, तोंड उघडलंही. पण बाबांच्या बोटांवर गोंद वाळलेला दिसला.

"मस्त वाजला," मी म्हणालो.

घरी जाताना बाबा भेटेल त्याला स्पीकर दाखवत होते. तो माझ्याच खांद्यावर होता. मी आतल्या आत धुमसत होतो. त्यावर पुन्हा ब्लेड चालवायची माझी कधीच छाती झाली नाही.