वाळूत रोवलेली हिरवी चिंधी

मंदार गेल्याचा फोन मंगळवारी दुपारी आला. फोनवर सुहास होता, माझा नवरा, मंदारचा थोरला भाऊ. तो एवढंच म्हणाला, "मंदार गेला गं." आणि माझ्या तोंडून निघालं, "वारा कुठला होता?" मग कळलं, समुद्रात नाही, हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, गाडीचं दार उघडताना. हार्ट अटॅक. वय बेचाळीस. आज सहा आठवडे झाले, तरी तो प्रश्न आठवला की मला स्वतःचीच लाज वाटते. सहा वर्षं मी या माणसासाठी घाबरत होते, आणि ते सगळं घाबरणं भलतीकडेच तोंड करून बसलं होतं.

मंदार कार्डिफला भूलतज्ज्ञ होता, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. लग्नाच्या भानगडीत पडला नाही, पण पस्तिशी उलटल्यावर काइटसर्फिंगच्या भानगडीत पडला. खोलीएवढा पतंग, त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायाखाली फळी, आणि समोर अटलांटिक. पतंग उडवताना किनाऱ्यावर तो धरून उभं राहायला कुणीतरी लागतं. सुहासची पाठ कायमची धरलेली, त्यामुळे तो गाडीत पेपर वाचत बसायचा आणि हे काम माझ्याकडे आलं. मी नागपूरची, पोहता येत नाही, पण पतंग म्हटल्यावर मला काय शिकवायचं? पहिल्याच दिवशी मी संक्रांतीला भावाचा पतंग भिरकावायचे तसा तो उडी मारून वर भिरकावला. मंदार तोंडावर आपटला आणि वाळूतून फरफटत गेला. उठला तो हसतच, नाकातून रक्त. म्हणाला, "वहिनी, फेकायचा नाही. माझा अंगठा वर दिसला की नुसता सोडायचा. अंगठा दिसेपर्यंत काही झालं तरी सोडायचा नाही." त्या दिवसापासून त्याचा अंगठा वर जाईस्तोवर माझा श्वास अडकलेला असे. सोडल्यावर तर विचारूच नका.

माझी भीती कमी व्हावी म्हणून त्याने मला वारा वाचायला शिकवला. माझ्या जुन्या हिरव्या साडीची पट्टी फाडून बागेतल्या बांबूच्या काठीला बांधली आणि ती काठी वाळूत रोवली. चिंधी किनाऱ्याच्या कडेने उडाली तर उत्तम. समुद्राकडे उडाली तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही, आणि त्या दिवशी "नाही" म्हणायचा हक्क माझा. एका एप्रिलमध्ये गेलो तर पाणी ताटासारखं सपाट, लाट म्हणून नाही. मी खूश होऊन म्हटलं, आज जा बाबा बिनधास्त. त्याने चिंधीकडे बोट दाखवलं, ती सरळ समुद्राकडे उडत होती. "वारा जमिनीवरून येतो तेव्हाच पाणी असं शांत दिसतं, वहिनी. हाच वारा माणसाला बाहेर नेतो आणि परत आणत नाही. लाटांना काय घाबरतेस? याला घाबर."

दोन वर्षांनी मी ते डोळ्यांनी पाहिलं. तो आत असताना ढग आला, वारा पडला आणि मग चिंधी हळूहळू फिरून समुद्राकडे झाली. पतंग पाण्यात कोसळलेला, मंदारचा ठिपका लहान लहान होत चाललेला. मी मदतीचा ९९९ नंबर फिरवला. पलीकडच्या बाईने शांतपणे पतंगाचा रंग विचारला, आणि मी "नारंगी, नारंगी" करत राहिले, इंग्लिश शब्दच आठवेना. लाइफबोटीने त्याला आणलं तेव्हा ओठ निळे पडलेले. त्याही अवस्थेत म्हणाला, "तू चिंधीकडे बघत होतीस म्हणून वाचलो." मला ते खरं वाटलं. तेव्हापासून मी किनाऱ्यावर फक्त चिंधीकडेच बघायचे.

शेवटचं गेलो तेव्हा सप्टेंबर होता. छापून आणलेला फोरकास्ट तंतोतंत खरा ठरला होता, चिंधी किनाऱ्याच्या कडेने उडत होती, महिनाभर वाट बघावी असा वारा. मंदारने पतंगात पंपाने अर्धी हवा भरली आणि वाळूत बसला. "आज नको वहिनी, जरा दमलोय." डावा हात चोळत म्हणाला, पंप मारून हात भरून आलाय. तो स्वतः डॉक्टर, मी काय विचारायचं? मला तर आनंद झाला होता, हे लिहायला मी कचरते. मी त्याला फ्लास्कमधला चहा दिला, तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. इतका शांत बसलेला तो मला कधीच दिसला नव्हता, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच मी त्या वाळूवर निवांत बसले होते.

सुहासने ती काठी घरी आणून बागेत रोवली आहे. मी त्याला हट्टाने डॉक्टरकडे नेलं, सगळे रिपोर्ट चांगले आले. तरी तो कामावरून येऊन "दमलो" म्हणाला की माझ्या हातातला आमटीचा डाव थांबतो. काल वारा अजिबात नव्हता. चिंधी सरळ खाली लोंबत होती आणि तिच्याशेजारी खुर्चीत सुहास डोळे मिटून बसला होता. मी किचनच्या खिडकीतून त्याच्या स्वेटरकडे बघत राहिले, छाती हलते का... किती वेळ, कोण जाणे. मी बघत असते हे त्याला आता ठाऊक आहे. डोळे न उघडताच त्याने अंगठा वर केला.

अंगठा दिसला की सोडायचं, हा मंदारचा नियम. मी सिंकची कड घट्ट धरून तशीच उभी राहिले.