घटातलं खारं भात

आमची खाडीकाठची खारीची शेती विमानतळाखाली गेली. भरतीचं पाणी बांध फोडून आत आलं तरी तिथलं भात उभं राहायचं. त्याचं बियाणं उरलं ते उलव्याच्या फ्लॅटमध्ये, आईच्या कपाटातल्या एका बरणीत. मी वनस्पतींच्या तंतुकणिकांवर पीएचडी करतो. पेशीत ऊर्जा तयार करणारे हे कण. त्यांच्या पटलातून पोटॅशियमचे आयन ये-जा करतात. खारं पाणी सोसणाऱ्या भातात सोडियम मात्र या पटलाशीच अडतं का, हे मला बघायचं होतं. दुकानातल्या बियाण्यावर खूप दिवस घालवले, हाती भोपळा आला. माझा सगळा जीव त्या बरणीत अडकला होता.

नवरात्रात घरी आलो तर बरणी रिकामी. आईने सगळं बियाणं घटात पेरलं होतं.

"घटाला आपल्या खारीचंच भात लागतं, बाला. इकतचं देवाला चालत नाय."

मी जाम भडकलो. घरभर येरझारा घातल्या. मग घटावरची टोपली उचलली. अंधारात पिवळेधमक कोंब उगवले होते. तंतुकणिका वेगळ्या करायला असेच, हिरवेपणा न चढलेले कोंब लागतात. राग कुठल्या कुठे पळाला.

दसऱ्याला आईने घट उठवला, रिवाजाप्रमाणे कोंबांचा एक तुरा माझ्या कानावर खोचला आणि अर्धे कोंब मला दिले. बर्फात घालून ते लगेच लॅबमध्ये नेले. वाटले, गाळले, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले. पोटॅशियमच्या द्रावणात आयन आत शिरून तंतुकणिका फुगल्या, तशी स्क्रीनवरची रेघ घसरली. सोडियममध्ये रेघ जागची हलली नाही, म्हणजे ते पटलाशीच अडत होतं. मी एकटाच ओरडलो. पण एकदाच केलेल्या प्रयोगाला कोण विचारतो? तो पुन्हा करायचा तर बियाणं हवं, आणि बियाण्यासाठी घरी घटात उरलेले कोंब लावायला हवेत. रिक्षावाल्याला मी सारखा घाई करत होतो.

घरी देव्हाऱ्यासमोरची फरशी पुसलेली.

"आई, घट कुठाय?"

"खाडीत सोरला. दरसाली सोरतो तसा. खारीचं हाय, खारीत गेलं. तोंड कशाला पाडलंस?"

खाडीवर धावलो. ओहोटी लागली होती. चिखलात नारळ होते, हार होते, कोंब नव्हते. मला रडू फुटलं. डोळे पुसताना हात कानाला लागला. तुरा तिथेच होता, मान टाकलेला. काढून पाहिला तर आईने तो मुळासकट उपटला होता.

आता तो बाल्कनीत, चिखल भरलेल्या डब्यात आहे. आई म्हणते, बस जरा. मला बसवत नाही.