ताईच्या जीपचा लॉक

काका गेले त्याला आज अठरा दिवस झाले. येणारे सगळे म्हणतात, फार शांत माणूस. शांत कसला. एका जीपच्या मागच्या एक्सलवरून त्या माणसाने आठ दिवस घरात कुणाला सुखाने जेवू दिलं नव्हतं.

काकांचं काम गिअर आणि डिफरन्शियलचं. इंजिनबिंजिन दुसऱ्याने बघावं. टेकडीवरच्या दवाखान्याची जीप त्यांच्याकडेच यायची, आणि चालवायची त्यांचीच मुलगी, ताई. औषधं वर, पेशंट खाली. वाटेत एका ठिकाणी ओढ्याने रस्ता असा कापलेला की पुढचं एक चाक आणि मागचं उलट्या बाजूचं चाक अधांतरी लटकायचं. जीपला फोर व्हील होता, चारही चाकांना जोर मिळायचा, पण उपयोग काय? डिफरन्शियल असतं वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू द्यायला. एक चाक हवेत गेलं की तेच गरागरा फिरतं, जमिनीवरचं ढिम्म हलत नाही. ताई तिथे दोनदा अडकली, एकदा पेशंटसकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत कायमचा इलाज करा, नाहीतर वरचा दवाखाना बंद ठेवावा लागेल.

आता काकांची पद्धत अशी की जो गाडी चालवतो त्याला घेऊन आधी तो रस्ता पायी तुडवायचा. चाक उचलतं तिथे खडूने फुली मारायची, चालवणाऱ्याला विचारायचं, इथे तू काय करतोस. मगच सामान निवडायचं. बड्या बड्या कंत्राटदारांना त्यांनी उन्हात चालवलं होतं. पण या वेळी एकटेच गेले. लेकीला काय विचारायचं.

येऊन हिशोब मांडला. चारही चाकं कायम चालणारी फोर व्हील सिस्टीम चांगल्या रस्त्याला झकास, पण चाक लटकल्यावर तिलाही लॉक लागतोच. लिमिटेड स्लिप जातीचं डिफरन्शियल थोडी घसरण सावरतं, पार अधांतरी चाकापुढे हात टेकतं. म्हणजे मागे लॉकच हवा, दोन्ही चाकं जखडून एकत्र फिरवणारा. एक आपोआप लागणारा, दुसरा चालवणाऱ्याने लिव्हर ओढून लावायचा. ताई म्हणाली लिव्हरचा द्या. काका म्हणाले, ऐन वेळी विसरशील.

"बावीस वर्षांची असल्यापासून चालवतेय, अजून काय विसरले?"

"घरी येताना किराणा विसरतेस."

काकू म्हणाल्या, तो मीच सांगायला विसरते. तरी काकांनी ऐकलं नाही. दोन दिवस खपून आपोआप लागणारा लॉक बसवला. शेजारचा वेल्डर म्हणाला, लेकीसाठी गाडी करताय की लेकीवर पहारा बसवताय? काका त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

शनिवारी चाचणी. काका शेजारी बसले. ओढ्याची खाच जीपने अशी पार केली की काकांची मान ताठ झाली. पण पुढेच एका अंगाला उतरता खडक, त्यावर ओल, आणि वळण दरीच्या अंगाने. ताईने ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला आणि मागची दोन्ही चाकं लॉकमुळे एकदमच सुटली. लॉक नसलेल्या एक्सलला एक फिरलं तरी दुसरं धरून राहतं, इथे धरायला कुणीच उरलं नाही. जीपची शेपटी दरीकडे सरकायला लागली. ताईने पाय उचलला, ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग घसरणीच्या बाजूला फिरवलं आणि जीप थांबली. मागचं चाक कडेपासून हातभर.

ती उतरली. म्हणाली, बाबा, खाली या, चालूया.

मग दोघं चालले. तिने दाखवलं, इथे लॉक हवा, त्या झुडपापासून पुढे नको. काका तिथे तिथे खडूने फुली मारत गेले. काकूंना नंतर एवढंच म्हणाले, मी रस्ता बघितला होता, पोरीला नाही.

रविवारभर खोलून लिव्हरचा लॉक बसवला. सोमवारी सकाळी वरून निरोप आला, एका आजींचा श्वास लागतोय, ऑक्सिजनचा सिलिंडर लगेच पाठवा. मागे डॉक्टरीणबाई सिलिंडर धरून बसल्या, काका पुढे. चाचणीला वेळच नव्हता. खाच आली. ताई थांबली, लिव्हर ओढली, लॉक बसल्याचा दिवा लागेपर्यंत दम धरला. जीपचं नाक आचके देत वर आलं. आता वळण. लॉक काढायलाच हवा. झुडूप जवळ आलं, ताईचा हात काही हलेना. काकांचा हात आपसूक लिव्हरकडे गेला.

"हात मागे घ्या, बाबा. चाक अजून खाचेत आहे."

काकांनी हात मांडीखाली दाबून धरला. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत. मागचं चाक धपकन जमिनीवर टेकलं, तेव्हा ताईने लिव्हर सोडली. दिवा विझायला जेवढा वेळ लागला तेवढा आयुष्यात कधी कशाला लागला नव्हता, असं ते सांगायचे. मग जीप वळली. शेपटी तसूभर सरकली, एका चाकाने धरली, आणि वळण मागे पडलं.

सिलिंडर वेळेत पोचला. आजी पुढे तीन वर्षं जगल्या. डॉक्टरीणबाईंनी काकांना विचारलं, काय हो, आता पावसाळ्यात चालेल का ही गाडी?

काका म्हणाले, "मला काय विचारता? तिला विचारा."