डोळे मिटून दारापर्यंत

ताज्या रंगाचा वास आला की धाराशिवमध्ये मी दाखवलेला पहिला फ्लॅट आठवतो. भूकंपात घर गमावलेल्या सास्तूरच्या एक आजी मुलासोबत आल्या होत्या. तिसरा मजला मुलाला आवडला, पण आजी छताकडं बघत उंबऱ्यातच थांबल्या. "आई, भूकंप रोज येतो व्हय?" मुलगा हसला. "तवा बी सांगून आला न्हवता," आजी म्हणाल्या. हा फ्लॅट विकला नाही तर ऑफिसात पुन्हा फोन उचलायला बसवू, असं आमच्या एजन्सीच्या मालकांनी बजावलं होतं. तरी चारचौघांत तोंड न उघडणारी मी म्हणाले, "आजी, तुम्हाला दुसरं घर दाखवते, जुनं आहे, पण तळमजल्यावर." तिथं आजी डोळे मिटून, भिंत चाचपत आतल्या खोलीतून अंगणात आल्या. "अंधारात दार घावतंय. हेच घ्यायचं." दुसऱ्या दिवसापासून मी फोनवर बसले. आता माझं स्वतःचं ऑफिस आहे, आणि कुठलंही घर दाखवण्याआधी मी डोळे मिटून दारापर्यंत चालून बघते.